वहीत एकही खाडाखोड नव्हती

"मॅडम, अर्थशास्त्राच्या एम.ए.ला मी वर्गात पहिली होते. आता पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये मॅक्रोचा (म्हणजे अख्ख्या देशाच्या अर्थव्यवहाराचा) तास सुरू झाला की दहाव्या मिनिटाला माझा धागा सुटतो. सर फळ्यावर लिहितात, मी उतरवून घेते, घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचते, तरी डोक्यात काही शिरत नाही. मला चुकून तर घेतलं नसेल ना?"

हा शेवटचा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांच्या तोंडून येतो. विषय बदलतो, प्रश्न तोच राहतो. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिकत लिहिते आहे, कारण असंच काही मनात दाबून बसलेली आणखी मुलं-मुली आहेत याची मला खात्री आहे.

ती गोव्यातल्या साखळीच्या बाजूची. भर पावसात कदंबच्या बसने पणजीला आली होती. ओढणीचं टोक पिळत दारातच उभी राहिली आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "घरी कुणाला सांगितलेलं नाही."

अभ्यासाबद्दल बोलायच्या आधी मी झोप, भूक आणि जगणं नकोसं वाटतं का, हे विचारते. झोप तिची बिघडली होती, रात्री तीनपर्यंत जाग. जेवण बरं होतं, जिवाचं काही करावं असा विचार नव्हता. तो येत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी मदत घ्यायची. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग मी तिला वही मागितली.

सुंदर वही होती. निळ्या शाईत समीकरणं, लाल शाईत मथळे, समास आखलेला. ऐंशीच्या वर पानं उलटली, पण कुठंही काट मारलेली नाही, खोडलेलं नाही, कोपऱ्यात कच्ची आकडेमोड नाही. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण एवढं मला कळतं की कठीण विषयाशी झटणाऱ्या माणसाची वही अशी नसते. ती रोज चार-चार तास अभ्यास करत होती आणि त्या चार तासांत फक्त उतरवत होती. चूक होण्याची जागाच तिनं शिल्लक ठेवली नव्हती.

"यातली तू अडतेस ती पहिली ओळ दाखव," मी म्हटलं.

"सगळंच अडतं, मॅडम."

"सगळं कधीच एकदम अडत नाही. पहिली ओळ दाखव."

तिला बराच वेळ लागला. शेवटी तिनं एका पानावर बोट ठेवलं. रॅम्सेचं मॉडेल होतं. एखादं कुटुंब, किंवा सगळा देशच धरा, आज किती खर्च करेल आणि उद्यासाठी किती राखेल, याचं गणित. त्यात एका ओळीत एकच पद होतं, पुढच्या ओळीत त्याची दोन झाली होती.

"हे दुसरं कुठून आलं?"

"सरांनी लिहिलं."

मी तिला कोरा कागद दिला आणि सांगितलं, सिग्मा म्हणजे ते बेरजेचं चिन्ह काढून टाक, अनंत वर्षं काढून टाक, फक्त तीन वर्षांचं कुटुंब घे आणि सगळं मराठीत लिही. मराठीचा आग्रह मी मुद्दाम धरला. प्राथमिक शाळा तिची मराठीतली. "ऑप्टिमल पाथ", "स्टेट व्हेरिएबल" असे शब्द ती सफाईनं बोलत होती, पण त्या शब्दांच्या आड न कळलेलं लपून राहत होतं.

तिनं लिहिलं: पहिल्या वर्षीचं उत्पन्न, वजा खर्च, उरलं ते दुसऱ्या वर्षीचं भांडवल. खालच्या ओळीत: दुसऱ्या वर्षीच्या भांडवलातून आलेलं उत्पन्न, वजा खर्च, उरलं ते तिसऱ्या वर्षीचं भांडवल. पेन थांबलं. मग तिनं दोन्ही ओळींतल्या "दुसऱ्या वर्षीचं भांडवल" या शब्दांभोवती गोल काढले.

"दोनदा येतंय," ती म्हणाली. "वरच्या ओळीत पोटाला चिमटा काढून ठेवलेलं, खालच्या ओळीत पेरलेलं. आमची आजी भाताचं बियाणं ठेवायची ना, तसं. म्हणून डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घेताना दोन पदं येतात."

बाहेर पाऊस थांबला होता की नाही, आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. पाऊण तास गेला होता आणि कागदावर पाच ठिकाणी काट होती.

गणित त्या दिवशी सोपं झालं असं मात्र नाही. नेमका दोष कुठं आहे ते कळलं, इतकंच. ती कला शाखेची, बारावीत गणित नव्हतं. एम.ए.ला आलेख आणि आयएस-एलएमसारख्या आकृत्यांवर निभावलं होतं. डॉक्टरेटच्या पातळीवर त्याच मॅक्रोची भाषा बदलते: सर्वांत चांगला पर्याय शोधायची लॅग्रांजची पद्धत, बेलमनचं समीकरण, काळाबरोबर उलगडत जाणारे निर्णय. एम.ए.त पहिली येणं खरंच होतं, आणि या भाषेत तिला वाक्य जुळवता येत नव्हतं हेही खरंच होतं. दोन्हींचा एकमेकांशी काही झगडा नाही.

मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी अर्थशास्त्राच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून ऐकली आणि नंतर पडताळून घेतली. फ्रँक रॅम्सेनं बचतीवरचा तो लेख 1928 मध्ये लिहिला. तो मुळात गणिती. त्याची पद्धत आर्थिक वाढीच्या सिद्धान्तात नीट रुजली ती 1965 मध्ये, कॅस आणि कूपमन्स या अर्थशास्त्रज्ञांच्या कामातून. अख्ख्या विषयाला 37 वर्षं लागली, आणि ही मुलगी जूनमध्ये सुरू करून ऑगस्टमध्ये स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाली होती.

पुढचे सहा आठवडे आम्ही थोड्याच गोष्टी धरल्या. सकाळी तासभर फक्त कॅल्क्युलस, बारावीच्या पुस्तकापासून. लाज वाटली तरी तिथूनच. कोणतंही मॉडेल आधी दोन वर्षांचं करून आकड्यांनी सोडवायचं. त्यात तिला एक मौज सापडली: सगळं उत्पन्न पहिल्याच वर्षी मिळतं असं धरलं आणि खर्चातून मिळणारं समाधान लॉगने (लॉगरिदमने) मोजलं, तर पहिल्या वर्षीचा खर्च व्याजदरावर अवलंबूनच राहत नाही. हे तिनं मला फोन करून सांगितलं, रात्री साडेनऊला, आणि त्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली नाही. उतरवून घ्यायला पूर्ण बंदी होती. पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर करायचं, अडलं की मगच उघडायचं.

गाइडला भेटायला ती दीड महिना टाळत होती. तिला वाटे, तोंड उघडलं की आपलं पितळ उघडं पडणार. "मला मॅक्रो कळत नाही" या वाक्यावर कुठलाही गाइड काय करणार? "या ओळीतून या ओळीत कसं आलो ते कळलं नाही" यावर तो दहा मिनिटं देतो. तिच्या गाइडनी तर अर्धा तास दिला. शिवाय कोर्सवर्क पार करायला नियमाने 55 टक्के लागतात. ती स्वतःला नव्वदच्या मापानं मोजत होती.

एकदा मी विचारलं, हाच विषय का घेतलास?

तिच्या बाबांचा खाणीवर ट्रक होता, कर्जाचा. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा ते म्हणाले, सुरू होतील. ट्रक ठेवला, आधी साठवणीतून आणि मग आईच्या पाटल्या मोडून हप्ते भरले. सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हा त्यांनी महिन्याच्या आत ट्रक विकला. माणूस तोच, धक्का तोच, वागणं वेगळं. "कारण पुढं काय होईल याचा अंदाज बदलला होता," ती म्हणाली. "अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकासनं 1976 मध्ये हेच मांडलं. लोकांचे अंदाज बदलले की जुन्या आकड्यांवरून बांधलेले आडाखे चालत नाहीत. अंदाज मोजायचे तर हे गणित टाळता येत नाही, मॅडम."

थोडं थांबून म्हणाली, "आणि वहीतलं मॉडेल बाबांना लागू पडत नाही. त्यात कुटुंबाला हवं तेव्हा कर्ज मिळतं. बाबांना 2013 मध्ये कुणी उभं केलं नाही. कर्जावर मर्यादा घातलेली मॉडेल्स आहेत, मला तिथवर जायचंय."

मी त्यावर काही बोलले नाही. चहा मागवला.

कोर्सवर्क तिनं 63 टक्क्यांनी पार केलं. झोप सुधारली, पण परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा बिघडली. घरी तिनं आईला सांगितलं, बाबांना अजून नाही. आता प्रबंधासाठी अनिश्चिततेचा भाग करते आहे, जिथं उद्याचं उत्पन्नच ठाऊक नसतं, आणि तिथं ती पुन्हा अडली आहे. परवा फोन आला. "मॅडम, पान 41, खालून तिसरी ओळ," ती म्हणाली, "सरांना उद्या विचारते आहे."