वाचकांचे प्रश्न : गुगलवर आपल्या कामाचं का गावत नाही?

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की इंटरनेटवर काही शोधताना अडचण येत असेल तर लिहून पाठवा, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडनं प्रश्न आले. बहुतेकांचं म्हणणं एकच, शोधतोय एक आणि येतंय भलतंच. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. आधी एक लक्षात ठेवा, इथं सगळं देवनागरीत छापलंय, पण साइट, फाइलटाइप, बिफोर, ओआर हे शब्द आणि वेबसाइटचे पत्ते टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्यायचा. बाकी तुमचे शोधायचे शब्द मराठीत असू देत नाहीतर कन्नडमध्ये.

प्रश्न : मी शेतकरी, खानापूर तालुक्यातला. फोनवर "सातबारा उतारा खानापूर" टाकलं की सगळं महाराष्ट्राचं येतंय, आत गेलं तर जिल्ह्याच्या यादीत बेळगावच नाही. मंडळींनी बायकांच्या पैशाची योजना शोधली तर लाडकी बहीण. आमचं कर्नाटकाचं कसं गावायचं तेवढं सांगा की.

दादा, हा प्रश्न सीमाभागातल्या प्रत्येक घरातला आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही मराठीत विचारलं, मराठीतली सरकारी माहिती नेटवर आहे ती जवळजवळ सगळी महाराष्ट्राची, मग गुगल तीच वर आणून ठेवणार. त्यात खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यात पण आहे, विटा हे त्याचं मुख्य गाव, त्यामुळे दोन्ही खानापूर एकात एक मिसळतात. तुम्हाला कुठलं पाहिजे ते तुम्हीच सांगायला पाहिजे.

पहिलं काम, नको ते बाहेर काढायचं. त्यासाठी वजाचं चिन्ह. असं लिहा : खानापूर उतारा -सांगली -विटा -महाराष्ट्र. वजाच्या आधी एक स्पेस सोडायची आणि वजा नि शब्द यांच्या मध्ये अजिबात स्पेस नको, एवढं पाळलं नाही तर ते चालतच नाही आणि लोक म्हणतात की काही उपयोग नाही ह्याचा.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. कागदाला आपल्या राज्यात जे म्हणतात तो शब्द टाकायचा. सातबारा हा महाराष्ट्राचा कागद, आपल्याकडं तलाठ्याकडं जाऊन आपण उताराच म्हणतो पण सरकारी नाव आरटीसी, कन्नडमध्ये पहाणी. हे उतारे २००० सालापासून भूमी नावाच्या प्रकल्पात कॉम्प्युटरवर आलेत. म्हणून आरटीसी भूमी असं टाकायचं आणि पुढं साइट:कर्नाटक डॉट जीओव्ही डॉट इन जोडायचं. साइट आणि कोलन (वर-खाली दोन टिंबं) आणि पत्ता सगळं चिकटून. मग गुगल फक्त कर्नाटक सरकारच्या पत्त्यावरचीच पानं दाखवतं, एजंटांच्या वेबसाइटी नाहीत, यूट्यूबवाले नाहीत, महाराष्ट्र नाही. मला विचाराल तर ह्या सगळ्यातलं एकच शिकायचं असेल तर हे साइट कोलन शिका.

वहिनींना सांगा की लाडकी बहीण ही महाराष्ट्राची २०२४ ची योजना, ती आपल्याला नाही. आपली गृहलक्ष्मी, २०२३ ला सुरू झाली, घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये. पण गृहलक्ष्मी मराठीत शोधलं की बातम्याच येतात, कारण सरकारी आदेश असतात कन्नडमध्ये. तर कन्नडमध्येच शोधा. लिहायला येत नसेल तर काही बिघडत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये कन्नड भाषा घाला, माइकचं बटण दाबा आणि बाजारात बोलता तसं बोला, ते आपोआप कन्नड लिपीत उमटतं. आपल्या भागात कन्नड वाचता न येणारी पण फाडफाड बोलणारी माणसं भरपूर आहेत, त्यांना ह्याचा फार उपयोग होतो आणि हे कोणी सांगतच नाही. पान उघडलं की ब्राउझरमध्ये भाषांतराची सोय असते, मराठीत करून वाचा. योजनेच्या बाबतीत अजून एक, रिझल्टच्या वर जी पट्टी असते ती शेवटपर्यंत सरकवली की टूल्स म्हणून येतं, तिथं कधीही ऐवजी मागचा महिना करा. अटी बदलत राहतात आणि दोन वर्षापूर्वीचा व्हिडिओ बघून लोक चुकीचे कागद घेऊन रांगेत उभे राहतात.

प्रश्न : कॉम्प्युटर क्लासला अँड, ओआर, नॉट असं शिकवलंय. गुगलमध्ये नॉट टाकलं तर काहीच फरक पडत नाही. शिकवलेलं चुकीचं आहे काय?

चुकीचं नाही, जागा वेगळी आहे. ही तीन जोडपदं जॉर्ज बूल ह्या इंग्रज गणितज्ञाच्या विचारातनं आलीत, त्याचा काळ १८१५ ते १८६४, म्हणजे कॉम्प्युटरचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा. अँड म्हणजे दोन्ही पाहिजेत, ओआर म्हणजे दोन्हीपैकी कुठलंही चालेल, नॉट म्हणजे हे नको. कॉलेजच्या लायब्ररीचा कॅटलॉग किंवा संशोधनाचे डेटाबेस ह्यांच्यात बऱ्याच ठिकाणी हे तिन्ही शब्द जसेच्या तसे चालतात. गुगलमध्ये मात्र नॉट लिहिलं की तो साधा शब्द धरला जातो, त्याच्या जागी वजा. अँड लिहायची गरजच नाही, दोन शब्द शेजारी ठेवले की तेच होतं. आणि ओआर कॅपिटलमध्येच पाहिजे. त्याच्या जागी मराठीत किंवा लिहून चालत नाही.

प्रश्न : मी एम.ए. इतिहासची विद्यार्थिनी, बेळगावात शिकते. प्रोजेक्ट आहे १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावर, मैत्रिणीचा निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर. मला सगळ्या आत्ताच्या पुढाऱ्यांच्या बातम्या येतात, तिला तंबाखूचे दर येतात. जुनं काहीच मिळत नाही.

ताई, तुझा विषय फार मोलाचा आहे, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते ह्याच अधिवेशनात, आपल्या टिळकवाडीत, तिथली काँग्रेस विहीर अजून आहे. आता अडचण अशी की २०२४ च्या डिसेंबरला शंभर वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम झाला आणि त्याच्या बातम्यांनी जुनं सगळं झाकून टाकलं. त्यावर उपाय, शोधशब्दांच्या पुढं बिफोर:2024-01-01 असं लिही, आधी वर्ष मग महिना मग दिवस. मग त्या तारखेच्या आधी नेटवर आलेली पानंच दिसतील. पण हे नीट समजून घे, ही तारीख पान नेटवर कधी आलं त्याची आहे, घटनेची नव्हे. बिफोर 1925 टाकून १९२४ ची माहिती मिळायची नाही, १९२४ हा आकडा शब्द म्हणूनच टाकायचा.

आता नावाचं. आपल्या शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. त्याच्या आधीच्या इंग्रजी पुस्तकात, अहवालात, पेपरात सगळीकडं बेलगाम हेच स्पेलिंग, मराठीत बेळगाव आणि जुन्या छपाईत वर टिंब दिलेलं बेळगांव. तू फक्त बेळगावी टाकलंस तर शंभर वर्षांचं लिखाण हातातनं सुटण्याची भीती असते. म्हणून दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं आणि दोन्ही मराठी स्पेलिंगं मध्ये ओआर घालून एकत्र टाक. तेच राज्याच्या नावाचं आहे आणि इथं भल्याभल्यांचं शोधणं अडतं. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात, त्याआधी मुंबई इलाख्यात, त्यानंतर १९७३ पर्यंत म्हैसूर राज्यात, कर्नाटक हे नाव १९७३ च्या नोव्हेंबरपासून. तू १९२४ चं शोधताना शेजारी कर्नाटक लिहिलंस तर त्या काळच्या कागदात तो शब्द ह्या अर्थानं नसणारच, तिथं बॉम्बे टाकायला पाहिजे. बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजांनी १८८४ ला काढलेलं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, ते पण बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतच गावतं, एकविसावा खंड. कुठल्या सालाचं शोधतोय त्या सालात आपण कुठल्या राज्यात होतो हे आधी ठरवायचं आणि मग टाइप करायचं.

मैत्रिणीला सांग, निपाणीचं आंदोलन १९८१ चं, शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यात पुढं होते. तिनं "तंबाखू आंदोलन" हे दोन शब्द अवतरणचिन्हात टाकावेत, म्हणजे ते शेजारी शेजारी असलेलीच पानं येतील, पुढं निपाणी आणि शरद जोशी, आणि शेवटी -दर -भाव. इंग्रजीत शोधताना निपाणी एका पी ने पण लिहितात आणि दोन पी ने पण, दोन्ही ओआरनं जोडायची. सालाचा आकडा मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंकात द्यावा. मग फाइलटाइप:पीडीएफ लावून बघावं, त्यानं लेख, अहवाल, स्कॅन केलेली पुस्तकं असा जड माल वर येतो आणि बातम्या खाली जातात. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध शोधगंगा ह्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, तिथं थेट जाऊन शोधावं. प्रबंधाच्या शेवटी जी ग्रंथसूची असते ना, ती वाचणं म्हणजे गुगलच्या पुढची पायरी, त्यातनं जी नावं मिळतील ती परत अवतरणचिन्हात घालून शोधायची.

आणि दोघींनाही, गुगल वरती आपलं एआयनं तयार केलेलं उत्तर देतं त्यावर प्रोजेक्ट लिहू नका, त्यात साल आणि गाव इकडचं तिकडं व्हायची शक्यता असते. वरच्या पट्टीत वेब नावाचा फिल्टर आहे, तो दाबला की ते उत्तर जातं आणि नुसत्या लिंका राहतात.

प्रश्न : मराठी शाळेत शिक्षिका आहे. भित्तिपत्रकासाठी राजहंसगडाचे फोटो पाहिजेत, छापले तर कोणाची हरकत येऊ नये.

बाई, इमेजेसमध्ये जाऊन टूल्स, तिथं यूसेज राइट्स, त्यात क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा. फोटो काढणाऱ्यानं वापरायला परवानगी दिलेलेच फोटो राहतात, बहुतेक वेळा खाली त्याचं नाव द्यायची अट असते ती पाळा. त्याच गडाला येळ्ळूरचा किल्ला पण म्हणतात, तर दोन्ही नावं ओआर घालून टाका.

प्रश्न : वडील निवृत्त आहेत. बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधला, पहिला आला त्याला फोन केला, त्यानं एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि खात्यातले पैसे गेले. आता खरा नंबर कसा ओळखायचा?

वाईट झालं, आणि वडिलांना अजिबात बोलू नका, भल्या शिकलेल्या माणसांना असं फसवलं जातंय. सगळ्यात वर स्पॉन्सर्ड किंवा प्रायोजित लिहिलेलं असतं ती पैसे देऊन लावलेली जाहिरात, तिथला नंबर घ्यायचाच नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या वेबसाइटींसाठी बँक डॉट इन असा वेगळा पत्ता ठरवून दिलाय आणि २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या बँकांना तिकडं जायला सांगितलं होतं. म्हणून बँकेचं नाव, कस्टमर केअर आणि पुढं साइट:बँक डॉट इन असं टाका, वरच्या जाहिराती सोडल्या तर बाहेरचं कोणी आत शिरत नाही. त्याहून सोपं म्हणजे एटीएम कार्डच्या मागं आणि पासबुकावर नंबर छापलेला असतो. एखादा नंबर संशयाचा वाटला तर तो नंबरच अवतरणचिन्हात घालून शोधा, आधी कोणी तक्रार लिहिली असेल तर दिसते. काही दिसलं नाही म्हणजे नंबर खरा असं मात्र धरू नका.

आणि शोधत बसण्याआधी आत्ताच १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीचा सगळ्या देशासाठीचा नंबर आहे तो. पैसे कधी गेले, कुठल्या खात्यातनं गेले, व्यवहाराचा नंबर काय हे हाताशी ठेवा, आणि बँकेत जाऊन खातं आणि कार्ड बंद करायला सांगा. वडिलांच्या फोनमधलं ते अ‍ॅप काढून टाका पण त्याच्या आधी त्याचा आणि आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीला लागतो. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवून धरायची शक्यता जास्त.