धारावी: फुकट घर मिळतंय, मग अडलंय कुठे?

'पुनर्विकासात साडेतीनशे फुटांचं पक्कं घर फुकट मिळत असताना धारावीकर विरोध का करतात, आणि मावशीने त्यासाठीच्या सर्वेक्षणाला कागद द्यावेत का,' असं तुम्ही विचारलंय. मी या वस्तीत बचत गटांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पक्कं घर नकोच, असं म्हणणारं माणूस मला तरी तिथे भेटलेलं नाही. सार्वजनिक संडासापुढची रांग, पाण्याच्या वेळेसाठी मोडलेली झोप, पावसाळ्यात उंबऱ्याच्या आत शिरणारं गटाराचं पाणी, हे कोणाला हवंय? वाद आहे तो घर कोणाला आणि कुठे, यावर.

तळमजल्यावरचा रहिवासी १ जानेवारी २००० पूर्वीचा असेल, तर त्याला धारावीतच ३५० चौरस फूट मोफत. २००० ते २०११ मधल्यांना ३०० फूट, अडीच लाख भरून आणि धारावीबाहेर. त्यानंतरचे आणि माळ्यावर राहणारे, तेही बाहेरच, भाड्याच्या योजनेत. धारावीत खाली एक कुटुंब, बाहेरून लोखंडी शिडी आणि वर दुसरं, अशा खोल्या गल्लोगल्ली आहेत. म्हणजे एकाच भिंतीतली दोन कुटुंबं दोन टोकांना जाणार. वर कधी भाडेकरू असतो, तर कधी लग्न झालेला मुलगाच.

दुसरं, तिथे घर आणि काम वेगळं काढता येत नाही. पापडवाल्या बायका सकाळी पीठ घेऊन येतात, दारात बसून लाटतात, गल्लीत पालथ्या टोपल्यांवर पापड वाळवतात आणि वजनावर मजुरी घेतात. ज्या गल्लीवर त्यांचं पोट चालतं, ती कुठल्याच यादीत त्यांच्या नावावर लागत नाही. दहाव्या मजल्यावर त्या टोपल्या कुठे मांडणार? कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांचं तेच, तेरा कंपाउंडमधल्या भंगाराचंही तेच. माझ्या मते आराखड्याचं खरं माप हेच आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

अविश्वासालाही कारण आहे. २००४ पासून पुनर्विकासाच्या घोषणा चालू आहेत. २०१८ ची निविदा पुढे रद्द झाली. २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली लागली. आता पुनर्विकास करणाऱ्या कंपनीत ८० टक्के वाटा त्यांचा, २० टक्के राज्य सरकारचा. शिवाय गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड लोकांनी पाहिली आहे. पुनर्वसनाच्या इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी असल्याचं अभ्यासातून पुढे आलं. स्लॅब टाकला म्हणजे घर राहण्याजोगं झालं, असं नाही.

आता मावशींचं. कागद जरूर द्या. सर्वेक्षणाबाहेर राहिलं की भांडायलाही जागा उरत नाही. २००० पूर्वीच्या मतदार यादीतलं नाव, जुनी वीजबिलं, फोटोपास (झोपडीधारकाला मिळालेलं सरकारी ओळखपत्र) असेल तर तो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढा आणि दिल्याची पोच मागा. खोलीत शिवणकाम चालतं म्हणता, तर त्याची नोंदही आग्रहाने करवून घ्या. माळ्यावरच्या मुलाचे कागद वेगळे लावा. परिशिष्ट-२ ची, म्हणजे कोण पात्र आणि कोण अपात्र ते सांगणारी यादी लागली की नाव स्वतः तपासा. 'अपात्र' शेरा आला, तर मुदतीत लेखी अपील करा, तोंडी आश्वासनावर थांबू नका.