पगारपत्रकातले दोनशे रुपये

प्रश्न : मी चाकणला एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. पगार 22,000. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला, तिला 24,000. माझ्या पगारातून दर महिन्याला ‘पी.टी.’ म्हणून 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300. तिच्या पगारातून छदामही नाही. ऑफिसात विचारलं तर ‘सरकारी आहे, कापावंच लागतं’ एवढंच उत्तर. हा कर कशाचा, जातो कुठे, आणि तिला माफ तर मला का नाही? घरी यावरून माझी चेष्टा चालते. – एक वाचक, चाकण

उत्तर : चेष्टा सोसा. का ते शेवटी सांगतो.

पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, मिळून 2,500. फेब्रुवारीतले जादा शंभर हे निव्वळ बेरीज जुळवायला. राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे कोणाकडूनही वर्षाला याहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. पूर्वी ही मर्यादा 250 होती, 1988 मध्ये घटनादुरुस्ती करून 2,500 केली, आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही.

जातो कुठे, हा तुमचा प्रश्न मला जास्त आवडला, कारण तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवताना फार थोड्या मुलांनी तो विचारला. महाराष्ट्रात हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, त्यातून गावाकडच्याला काम मिळायचं, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या पदरची घालायची. कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ती आधी करून पाहिली होती. मग 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती.

त्यांत माझी आई होती. आमचं गाव सांगोल्याकडचं, मी आठ वर्षांचा. आई सडकेच्या कामावर खडी फोडायची. बोटांना सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, कारण हातोडी चुकली की नख गेलंच. पैसे दिवसावर नव्हते, ब्रासवर होते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढीग चौकोनी रचून ठेवायचा आणि मुकादमाची वाट बघायची. तो टेप लावण्याआधी ढिगावर चढून दोन पावलं टाकायचा. खडी बसायची, माप कमी भरायचं. आई काही बोलायची नाही, घरी आल्यावर मात्र त्याचा उद्धार व्हायचा. दुपारी मिळालेली सुकडी ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. पण मस्टरवर तिचं नाव वेगळ्या ओळीत होतं, वडिलांच्या नावाला चिकटवलेलं नव्हतं, आणि अंगठा उठवला की पैसे तिच्याच हातात पडायचे. आमच्या घरात हे नवीन होतं.

पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता. 2005 च्या केंद्राच्या कायद्याने हीच कल्पना उचलली.

पैसा खरंच पोचला का? मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कांझरा ही दोन गावं अर्थशास्त्रज्ञांना पाठ आहेत, कारण ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने 1975 पासून तिथली घरंन्‌घरं नोंदवली. त्या नोंदींवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन या अर्थशास्त्रज्ञांनी विचारलं : हमीच्या कामावर गेल्यामुळे दुसरी मिळकत किती बुडाली? उत्तर आलं, मजुरीच्या साधारण पाव हिस्सा. म्हणजे शंभरातले पाऊणशे खरोखरची भर. सरकारी योजनेला हे चांगलेच मार्क आहेत, आणि मी मार्क देताना हात आखडणारा मास्तर आहे. पण 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर हमीची मजुरी दुपटीच्या आसपास गेली, आणि कामावरची हजेरी घटली. याच दोघांनी शुभम चौधरी यांच्याबरोबर ते आकडे तपासले. गरज कमी झाली नव्हती, कामं काढायचीच कमी झाली होती. ‘मागेल त्याला काम’ या घोषणेला तिथे तडा गेला.

माझा राग मात्र कराच्या रचनेवर आहे. पुरुषाचा पगार 10,000 च्या वर गेला की सगळ्यांना एकच दर. तुम्ही वर्षाला 2,64,000 मिळवता, तुमच्या शंभर रुपयांमागे सुमारे 95 पैसे जातात. महिना 11,000 वाल्या हेल्परचे जवळजवळ 1 रुपया 90 पैसे. तुमच्या कारखान्यात महिना पाच लाख घेणारे साहेब असतील तर त्यांचे 4 पैसे. विषमता कमी करायला काढलेला कर, आणि त्याचं ओझं असं उलटं.

आता बायकोचं. एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. आधी ही सूट 10,000 पर्यंतच होती. तुमचा पगार कमी असून कर तुम्हालाच, हे विचित्र आहे, कबूल. पण 2024 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष 88, असं निघालं. दोनशे मिनिटांचा फरक. तुमच्या घरी किती आहे ते तुम्हीच मोजा, आणि खरा आकडा आला तर मला कळवा. म्हणून म्हटलं चेष्टा सोसा. सूट अपुरी आहे ती वेगळ्या कारणाने : जिच्याकडे पगारपत्रकच नाही, तिला तिचा उपयोग शून्य. माझ्या आईला काय माफ करणार होते?

एक व्यवहाराची गोष्ट. 25,000 ची रेघ ओलांडली की तिचेही दोनशे कापले जाणार. तेव्हा तिला सांगा, पगारवाढ मागायची तर हजार रुपयांवर थांब, नाहीतर बाराशेच्या पुढची माग.