पेशी मेल्या, पण कशाने?

भाऊ, तुमच्या वडिलांना गालाच्या आत कॅन्सर, ऑपरेशनची तारीख मिळालेली, आणि गावातला वैदू म्हणतो महिनाभर थांबा, सदाफुलीचा रस आणि बिब्बा देतो. वरून पाहुण्यांनी मोबाइलवर शोधनिबंध पाठवला, की अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात.

निबंध खोटा असेलच असं नाही. मी सहा वर्षं तेच काम केलंय. 96 खड्ड्यांची प्लास्टिकची ताटली असते. खड्ड्यात पेशी वाढवायच्या, वर अर्क, आणि दोन-तीन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रावण. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. आमची बिब्ब्याची ताटली पिवळीच राहिली, तेव्हा आम्ही पेढे आणायला निघालो होतो! मॅडमनी विचारलं, नुसतं अल्कोहोल टाकलेले खड्डे कुठायत? ठेवलेच नव्हते. दुसऱ्यांदा ठेवले, तर तेही पिवळे. अर्क ज्यात विरघळवला त्यानेच पेशी मारल्या होत्या. पुढे अल्कोहोल अगदी कमी केलं, थोडा परिणाम दिसलाही, पण निरोगी पेशीही तेवढ्याच मेल्या. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं, ते आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

हळदीचंही तसंच. आपल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान मलाही आहे. पण ताटलीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, साधारण 10-20 मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं माप) वापरतात. माणसांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तरी रक्तात सरासरी 2 मायक्रोमोलरही चढलं नाही. आणि 8 ग्रॅम म्हणजे साध्या हळदीची जवळपास पाव किलो पूड, रोजची.

सदाफुलीबाबत वैदू अर्धं खरं बोलतोय. 1950च्या दशकात कॅनडात मधुमेहासाठी ती तपासताना उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, त्यातून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध हाती आलं; व्हिनक्रिस्टिनही याच झाडाचं. पेशी दुभंगताना लागणारे धागेच ही औषधं जुळू देत नाहीत. पण व्हिनक्रिस्टिन शिरेतूनच देतात, एका वेळी बहुधा 2 मिलिग्रॅमच्या वर नाही, कारण त्यापुढे नसा बधिर पडतात. मूठभर पानांत किती उतरलं, हे वैदू कशाने मोजणार? शिवाय हे औषध मुख्यतः रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं. तोंडाच्या कॅन्सरला आधी ऑपरेशन, मग गरजेप्रमाणे रेडिएशन.

महिना थांबू नका. गाठ थांबत नाही.

वैदूशी भांडूही नका, बाबांचा त्याच्यावर जीव असेल. आतापर्यंत काय-काय दिलं ते कागदावर लिहा, गुळवेलसुद्धा. तिच्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तो कागद ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांच्या हातात द्या.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घरात कोण-कोण खातं, तेही बघा. बाबांच्या खिशातली पन्नी तेवढी काढून चालणार नाही, तुमच्या खिशातलीही काढा.