‘टेंटेड कॅनव्हास’ असेल तर नुसत्या कोडमध्ये शोधत बसू नका

मंडळाच्या वर्गणीदारांचे फोटो फ्रेममध्ये बसवायचे, लॅपटॉपवर सगळं चालतं आणि साइटवर चढवलं की ‘टेंटेड कॅनव्हास’ची एरर (कॅनव्हास म्हणजे ब्राउझर चित्र काढतो ती जागा; परक्या फोटोने ती ‘डागाळली’ असं तो मानतो). तुमचं हे वाचलं आणि सांगलीच्या मार्केट यार्डातलं माझं जुनं काम आठवलं. एका अडत्याला हळदीच्या दराचं रोजचं कार्ड हवं होतं: पोत्याचा फोटो, त्यावर पाटी, कोपऱ्यात लोगो. लायब्ररी तुमचीच, मर्ज-इमेजेस, म्हणजे चित्रं एकावर एक ठेवून एकच चित्र करणारा तयार कोड.

लॅपटॉपवर फोटो शेजारच्याच फोल्डरमध्ये होते, साइटवर ते दुसऱ्या डोमेनवरून येतात. ब्राउझर असे फोटो कॅनव्हासवर काढू देतो, पण तयार चित्र बाहेर घ्यायला गेलात की अडवतो. कोडमध्ये क्रॉसओरिजिन ‘ॲनॉनिमस’ द्या (म्हणजे ब्राउझर फोटो मागताना दुसऱ्या डोमेनची परवानगी तपासतो), असं कुणीही सांगेल. द्याच, पण फोटोंच्या सर्व्हरने ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’ हेडर (फोटोसोबत येणारी परवानगीची चिठ्ठी) पाठवला नाही, तर मग फोटो लोडच होत नाही. एरर तेवढी बदलते.

माझं घोडं तिथेच अडलं. फोटो ज्यांच्याकडे होते (नाव घेत नाही), त्यांना हेडर मागितला तर म्हणे, ‘लिंक ब्राउझरमध्ये उघडते ना? मग आमच्याकडून ओके.’ तक्रारीचं तिकीट बंद. पुन्हा उघडलं की नवा माणूस आणि ‘कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या प्रती) क्लिअर करून बघा’. अहो, लिंक उघडणं वेगळं, परवानगी देणं वेगळं! इकडे सौदे सुरू, अडत्याचा फोन सकाळीच वाजायचा.

गंमत म्हणजे शेवटी हेडर आल्यावरही काही फोटो अडकले आणि तिथे खरंच कॅशे निघाला. काही सर्व्हर ओरिजिन, म्हणजे फोटो कुठल्या साइटवरून मागितला ते, कळवलं तरच हेडर देतात; साधा इमेज टॅग ते कळवत नाही. तोच फोटो पानावर साध्या इमेज टॅगने आधी आला असेल, तर ब्राउझर हेडरविना साठवलेली प्रत पुढे करतो. त्या टॅगलाही क्रॉसओरिजिन लावा.

मी काही सर्व्हरवाला नाही, पण माझ्या मते मंडळाएवढ्या कामाला फोटो सरळ स्वतःच्या डोमेनवर ठेवावेत. कुणाच्या विनवण्या नकोत.

जाता जाता: ही लायब्ररी फोटो लहान-मोठा करत नाही. मोबाइलचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो तसाच दिलात तर कॅनव्हास तेवढाच होतो आणि तुमची फ्रेम १०८० पिक्सेलची असेल तर ती वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटते. फोटो आधी लहान करा, फ्रेम यादीत शेवटी द्या, म्हणजे ती फोटोच्या वर येईल. जेपीईजी काढलात तर पारदर्शक जागा काळी होते, म्हणून पीएनजीच ठेवा.

तरीही अडलं तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून फोटोचे रिस्पॉन्स हेडर इथे टाका, बघतो.