अमानित आणि विमानित सैन्य: फरक काय?

प्रश्न असा आलाय, की प्राचीन भारतातल्या युद्धविचारातून आजच्या लष्करी अधिकाऱ्यांनी काय शिकावं अशा एका भाषणात कौटिल्याचे 'अमानित' आणि 'विमानित' सैन्य असे दोन शब्द ऐकले, दोन्हींचा अर्थ 'मान न मिळालेलं' असाच लागतोय मग वेगळे शब्द कशाला, आणि विमानितचा विमानाशी काही संबंध आहे का?

विमानाचं आधी सांगतो. आकाशातल्या विमानात 'मा' धातू आहे, मा म्हणजे मोजणे, परिमाण, प्रमाण, तापमान हे सगळे त्याच घरातले. विमानित मधला मान आहे तो 'मन्' धातूचा, मनात धरणे, किंमत करणे, त्यातूनच आपला मानकरी, मानधन, मानपान. म्हणजे दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. संस्कृत कोशात 'विमान' म्हणजे अनादर असाही अर्थ मिळतो, तो या दुसऱ्या घरातला.

आता खरा फरक उपसर्गाचा. 'अ' म्हणजे नुसता अभाव. मान द्यायचा राहिला, कुणी दखल घेतली नाही, पाठ थोपटली नाही, ते अमानित. 'वि' चे अर्थ बरेच आहेत, विजय, विख्यात मध्ये तो जोर वाढवतो पण विद्रूप, विपरीत, विरस मध्ये उलटं करतो, बिघडवतो, आणि इथे तो दुसरा वि आहे. म्हणजे मान दिला नाही एवढंच नाही तर होता तोही काढून घेतला, चारचौघांत पाणउतारा केला.

आपल्याकडच्या लग्नातलं बघा ना. मानाचा नारळ एखाद्या आत्याबाईंना द्यायचा राहून गेला तर त्या फुगतात, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन नारळ, साडी, नमस्कार केला की विषय संपतो. पण त्यांनाच भर पंगतीतून 'तुम्ही मागच्या पंगतीला बसा' म्हणून उठवलं असेल तर वर्षानुवर्षं त्या घराची पायरी चढत नाहीत, मग तुम्ही पैठणी न्या नाहीतर काही न्या. पहिली अमानित, दुसरी विमानित.

आणि कौटिल्य अगदी हेच म्हणतो. 'अर्थशास्त्र' या त्याच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आठव्या अधिकरणात (म्हणजे भागात), पाचव्या अध्यायात सैन्याच्या व्यसनांची यादी आहे. (हे व्यसन म्हणजे दारू-तंबाखू नाही, संकट, दोष या अर्थी, त्याने स्वतःच फोड दिलीय की माणसाला कल्याणापासून दूर फेकतं ते व्यसन.) तीसहून जास्त प्रकार आहेत आणि बहुतेक जोडीजोडीने तोलून तो सांगतो की यातलं कुठलं सैन्य अजून लढेल आणि कुठलं नाही. पहिलीच जोडी आपली: 'अमानितविमानितयोरमानितं कृतार्थमानं युध्येत, न विमानितमन्तःकोपम्'. अमानित सैन्य पैसा आणि मान दिल्यावर लढेल, विमानित लढणार नाही, कारण त्याच्या आत कोप आहे. 'अन्तःकोप' हा शब्द मला फार मोठा वाटतो, बाहेरून सॅल्यूट कडक असतो, पोटात डूख असतो.

यादीचा क्रमही बघा, पगार न मिळालेलं सैन्य, 'अभृत', ते तिसऱ्या नंबरवर आहे, मान त्याच्या आधी. आणि अभृतचं तर तो म्हणतो की तेव्हाच्या तेव्हा वेतन चुकतं केलं तर ते लढेल. पुढे 'परिश्रान्त', थकलेलं, त्याला अंघोळ, जेवण, झोप मिळाली की लढेल. म्हणजे थकवा, थकलेला पगार, राहिलेला मान हे सगळं अधिकाऱ्याला भरून काढता येतं, पण केलेला अपमान नाही. माझ्या मते आजच्या अधिकाऱ्याने या अध्यायातून घ्यायची पहिली गोष्ट हीच. (बायकामुलांसह निघालेल्या सैन्याला 'कलत्रगर्भि' असा शब्द त्याच यादीत आहे, पानिपतच्या मोहिमेत बरोबर असलेला बायका-पोरं आणि यात्रेकरूंचा लोंढा आठवून पोटात कालवतंच.)

माझे मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. ते सांगायचे, एका पोस्टिंगला वर्षभर राबलो, कुणाला काही मिळालं नाही, सगळे खट्टू होते, तर सैनिक संमेलनात सीओ साहेबांनी (म्हणजे पलटणीच्या प्रमुखांनी) उभं राहून एकेकाचं नाव घेऊन त्याने काय काम केलं ते सांगितलं, आणि संध्याकाळी बडाखान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, स्वतः जवानांबरोबर जेवायला बसले, संपला राग. दुसऱ्या एका साहेबांनी एका नायकाला (हवालदाराच्या खालचा हुद्दा) त्याच्याच सेक्शनसमोर, म्हणजे हाताखालच्या तुकडीसमोर, नको ते बोलून घेतलं. तो नायक ड्युटी करत राहिला, पण मामांच्या शब्दात 'हुकमाएवढंच केलं, हुकमाच्या वर एक पाऊल कधी टाकलं नाही'.

डेहराडूनच्या लष्करी अकॅडमीत १९३२ साली तेव्हाचे भारताचे सरसेनापती फिलिप चेटवुड यांनी भाषणात सांगितलेलं वचन आजही अधिकाऱ्यांना शिकवतात, आधी देश, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, कल्याण आणि सोय, शेवटी तुम्ही स्वतः. तिथेही माणसांच्या बाबतीत मान पहिला. एकावरून दुसरं आलं असं मी म्हणत नाहीये, पण माणसं हाताळणारे दोघंही त्याच जागी पोचले. कौटिल्याने तर दहाव्या अधिकरणात लढाईआधी राजाने सैन्याला काय सांगावं तेही दिलंय, 'तुल्यवेतनोऽस्मि', मी पण तुमच्यासारखाच पगारी, हे राज्य तुमच्याबरोबर भोगायचंय. मला ते वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

आता मराठीत लिहायचं तर अमानितला 'उपेक्षित' चालेल, विमानितला 'अपमानित'. 'अवमानित' पण चुकीचं नाही, पण अवमान म्हटलं की कोर्टच डोळ्यासमोर येतं. विमानित तसाच ठेवायचा असेल तर पहिल्या वेळी शेजारी अर्थ द्याच, नाहीतर अर्धे वाचक तुमच्यासारखंच विमानदल समजतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.