छत्रपती संभाजीनगरच्या घाटी सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला जायची वेळ आली तर

दादा, मणक्याच्या इजेमुळे व्हीलचेअर वापरता, तर एक पिशवी कायम भरून ठेवा: युडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स, चालू गोळ्यांची चिठ्ठी, दोन कॅथेटर (लघवीच्या नळ्या), ती घालताना लावायची जेली, युरोबॅग (लघवीची पिशवी). घाटीत अख्ख्या मराठवाड्यातून पेशंट येतात. केसपेपर काढतानाच कार्ड पुढे करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 25 मध्ये उपचारात प्राधान्य लिहिलेलं आहे.

आता खरं जिवावरचं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल, तर वरचं बीपी एरवी 90 ते 110 असतं. ते अचानक 150 झालं, डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर आडवं पडू नका. ताठ बसा, पट्टा सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली का ते बघायला लावा. बहुतेकदा लघवीच तुंबलेली असते. असं बीपी अचानक चढण्यालाच ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नवख्या डॉक्टरला 150 फार वाटत नाही, म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहा: ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा धोका, नेहमीचं बीपी इतकं.’

स्ट्रेचरवर दर दोन तासांनी कूस बदलून घ्या. माकडहाडावरची जखम भरायला महिने जातात. खुर्चीवर नाव टाका, सोबतच्याला ती सोडू देऊ नका.